कोटेशनचं वाचन – भाग ७ : चौरस फूट कुणाचा?

आज बाथरूमचं वॉटरप्रूफिंग घ्यायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर टाकतो. डोंबिवलीच्या एका वाचकताईंनी रंगकामाची दोन कोटेशनं पाठवली आहेत आणि सोबत वहीच्या कागदावर हॉलचं माप काढून दिलं आहे. दारं, खिडक्या, टीव्हीमागचं पॅनेल, सगळं इंचासकट. घरमालकाकडून इतकं नेटकं माप क्वचित मिळतं. ते समोर असताना दुसऱ्या विषयाकडे वळायला मन होईना.

त्यांचा प्रश्न असा. एका ठेकेदारानं चौरस फुटाला २२ रुपये सांगितले, दुसऱ्यानं २६. पुट्टी किती हात, प्रायमर कुठला, रंग कुठल्या जातीचा, हे दोघांनीही सारखंच लिहून दिलंय. मग २२ वाला घ्यायला हरकत काय?

हरकत एवढीच, की दोघांचा चौरस फूट एक नाही.

हॉल १६ बाय १०, उंची साडेनऊ. चारही भिंतींची मिळून लांबी ५२ फूट, म्हणजे भिंती ४९४ चौरस फूट. वरचं छत १६०. एकूण ६५४. पहिल्या ठेकेदाराचा आकडा हाच आहे. दार नाही, खिडकी नाही, जणू हॉल म्हणजे बंद खोका. ६५४ गुणिले २२, झाले १४,३८८ रुपये. दुसऱ्यानं मुख्य दार साडेतीन बाय सात, पॅसेजची मोकळी कमान चार बाय सात, बाल्कनीचं सरकतं दार आठ बाय सात, खिडकी पाच बाय चार आणि टीव्हीमागचं आठ बाय सहाचं पॅनेल, असे एकूण १७६.५ फूट वजा केले. उरले ४७७.५. गुणिले २६, झाले १२,४१५ रुपये. चार रुपयांनी महाग असलेला माणूस एकट्या हॉलमध्ये जवळपास दोन हजारांनी स्वस्त पडतोय.

म्हणून दुसरा प्रामाणिक आणि पहिला लबाड, असा निकाल ताईंनी पत्राच्या शेवटी लावलाय. तो मला मान्य नाही. खरं माप या दोघांच्या मधे कुठेतरी आहे, आणि ते कुठे आहे हे आपल्या देशात कधीचंच लिहून ठेवलेलं आहे. भारतीय मानक आयएस १२००, बांधकामाची मोजणी कशी करायची याचं मानक. त्याचा बारावा भाग गिलाव्याचा, तेरावा भिंतींच्या रंगाचा, पंधरावा लाकूड-लोखंडाच्या रंगाचा आणि पॉलिशचा. सरकारी कामाची बिलं याच पद्धतीनं निघतात. घरच्या कामात मात्र त्याचं नाव कुणी काढत नाही. ठेकेदाराला ते माहीत असतं, घरमालकाला नसतं.

त्यातला मोकळ्या जागांचा नियम मला मनापासून आवडतो, कारण तो दोन्ही बाजूंचा विचार करून केलेला आहे. मोकळी जागा अर्ध्या चौरस मीटरपर्यंत असेल, म्हणजे साधारण सव्वापाच फूट, तर काहीच वजा करायचं नाही. एक्झॉस्ट पंख्याचं भोक किंवा बाथरूमचा झरोका यात येतो. अर्धा ते तीन चौरस मीटर असेल तर भिंतीच्या एकाच बाजूनं वजा करायचं, दुसरी बाजू सोडून द्यायची. तीन मीटरच्या वर, म्हणजे सव्वाबत्तीस फुटांहून मोठी जागा असेल, तर दोन्ही बाजूंनी वजा करायची, पण मग आतले काठ मोजून मिळवायचे.

एक बाजू का सोडायची? कारण दाराखिडकीच्या कमानीला भिंतीच्या जाडीइतके काठ असतात. सपाट भिंतीवर रोलर फिरवायला वेळ लागत नाही. काठावर मात्र ब्रश हातात घेऊन, चौकटीला कागदी पट्टी लावून, कोपरा सरळ ठेवत काम करावं लागतं. प्रत्येक काठ मोजत बसलं तर मोजणीलाच दिवस जाईल. तेव्हा मधल्या आकाराच्या जागांसाठी एक बाजू काठांच्या बदल्यात दिली. आपल्या घरातलं तीन बाय सातचं दार २१ फुटांचं, पाच बाय चारची खिडकी २० फुटांची. जवळजवळ सगळी दारं-खिडक्या या मधल्या गटातच बसतात.

एकाच बाजूला रंग असेल, जसा बाहेरच्या भिंतीतल्या खिडकीला, तर चौकट कुठे बसलीय ते बघतात. आतल्या बाजूचा काठ बाहेरच्याइतका किंवा त्याहून रुंद असेल तर वजाही नाही आणि मिळवणीही नाही. आतला काठ कमी असेल तर पूर्ण वजा.

आता ताईंचा हॉल या नियमानं मोजू. बाल्कनीचं दार ५६ फुटांचं, पूर्ण वजा. त्याचा आतला काठ चार इंच, लांबी २२ फूट, म्हणजे साधारण सव्वासात फूट मिळवले. पॅसेजची कमान दोन्ही बाजूंनी रंगणार, म्हणून हॉलकडून २८ वजा आणि पॅसेजकडून काही नाही. मुख्य दाराची चौकट आतल्या अंगाला लागून आहे, तिथे काठच नाही, २४.५ पूर्ण वजा. खिडकीचा काठ आत मोठा आहे, ती तशीच राहू द्या. पॅनेलमागे रंग लागणारच नाही, ४८ वजा. उरतात ५०५ फूट.

म्हणजे पहिल्यानं हॉलमध्ये १४९ फूट जास्त धरले. त्याच्या दरानं सव्वातीन हजार रुपये. दुसऱ्यानं साडेसत्तावीस फूट कमी धरले आणि स्वतःचंच नुकसान केलं. हेही चांगलं लक्षण नाही. काठांची मेहनत ज्यानं हिशेबात धरली नाही, तो ती एकतर नंतर ‘जादा काम’ म्हणून मागतो, नाहीतर काठांवर पुट्टीचा एक हात कमी मारतो. आणि दोघांनाही ५०५ फूट मान्य असतील, तर २२ वाल्याचे होतात ११,११० आणि २६ वाल्याचे १३,१३०. तेव्हा ताई, तुमचा स्वस्त ठेकेदार खरोखर स्वस्त आहे. फक्त त्याच्याकडून माप बदलून घ्या. दरावर घासाघीस करू नका.

याच मानकात उलट्या बाजूचाही न्याय आहे. पॅनेलचं लाकडी दार रंगवलं तर सपाट मापाला १.३ नं गुणतात, प्रत्येक बाजूला. तीन बाय सातचं दार एका बाजूला २७.३ फूट, दोन्ही मिळून ५४.६. कारण पॅनेलच्या कडा आणि खाचा सपाट मापात दिसत नाहीत, रंग मात्र खातात. पूर्ण काचेचा पल्ला असेल तर ०.८. जुन्या इमारतींतल्या घरांना असतं ते सरकतं लोखंडी जाळीचं दार, सगळ्या अंगांनी रंगवायला १.५. रंगाऱ्यानं दाराचे ५५ फूट लावले म्हणून त्याच्याशी भांडणारे लोक मी पाहिलेत. तिथे रंगाऱ्याचंच बरोबर असतं.

रंगकामातली आणखी एक सवय, ‘कार्पेटच्या साडेतीनपट’ धरायची. अंदाजाला ठीक, बिलाला नाही. ताईंच्या हॉलची फरशी १६० फूट, रंग ५०५, म्हणजे तीनपटीहून थोडं जास्त. त्यांचीच बेडरूम साडेदहा बाय पावणेदहा आहे. तिथे वजावटीआधी पावणेपाचपट येतं. खोली जितकी लहान तितकी फरशीच्या मानानं भिंत जास्त. उलट छतापर्यंत टाइल्स लावलेल्या बाथरूममध्ये रंग फक्त वर.

बेडरूमचा विषय निघालाच आहे तर पहिल्या कोटेशनमधली एक ओळ बघा. १०.६ गुणिले ९.९, बरोबर १०४.९४. गुणाकार चोख आहे, आकडे चुकलेत. दहा फूट सहा इंच म्हणजे १०.५. नऊ फूट नऊ इंच म्हणजे ९.७५. खरं छत १०२.३८ फूट. इंच सरळ टिंबापुढे लिहिले आणि कॅल्क्युलेटरनं ते दशांश समजले. यात दरवेळी लबाडी असतेच असं नाही. नऊ फूट दहा इंचांचं ९.१० लिहिलं की ठेकेदार स्वतःच पाऊण फुटाला मुकतो. पण पाच-सहा खोल्यांच्या कामात ही चूक ओळीओळीला शिरते. कोटेशनमध्ये टिंबापुढे ६ किंवा ९ वारंवार दिसले की थांबा आणि तेवढ्या ओळी पुन्हा मांडा.

टाइल्समध्येही असंच. दुकानात ‘दोन बाय दोन’ म्हणतात ती टाइल ६०० मिलिमीटरची असते. दोन फूट म्हणजे ६१० मिलिमीटर. त्यामुळे एक टाइल चार फुटांची नसून ३.८७ फुटांची, आणि चार टाइल्सची पेटी १६ ची नसून साडेपंधराची. हजार फुटांच्या फरशीला अडीचशे टाइल्स पुरत नाहीत, कापातली तूट सोडूनच २५८ लागतात. मजुरी फरशीच्या फुटावर ठरवा, माल पेटीवर लिहिलेल्या चौरस मीटरवर घ्या. १.४४ असं छापलेलं असतं, त्याला १०.७६४ नं गुणा.

आता माझा सगळ्यात आवडता आकार, एल आकाराचा ओटा. ग्रॅनाइट रनिंग फुटावर ठरतं. समजा ओटा एका भिंतीला दहा फूट आणि दुसरीला आठ, खोली दोन फूट. किती रनिंग फूट? भिंतीकडून मोजलं तर १८. पुढच्या कडेनं मोजलं तर १४, कारण कोपऱ्यात दोन्ही बाजूंनी दोन-दोन फूट गेले. दगड किती लागला? दहा बाय दोन अधिक सहा बाय दोन, ३२ चौरस फूट, म्हणजे दोन फूट रुंदीचे १६ रनिंग फूट. तीन उत्तरं, तिन्ही टेपनं नीट मोजलेली. बहुतेक कोटेशनांत १८ असतात, कोपरा दोनदा. इस्टिमेट शिकणारा प्रत्येक विद्यार्थी भिंतीचं काम मध्यरेषेनं मोजायला शिकतो. ओटा मध्यरेषेनं मोजला की नऊ अधिक सात, बरोबर १६. दगडाचे पैसे १६ चे द्या. कडेच्या गोलाईचे, म्हणजे मोल्डिंगचे, वेगळे घेत असतील तर ते पुढच्या कडेवर, १४ चे. मोल्डिंगही १८ लावलेली कोटेशनं पुष्कळ बघितली आहेत. भिंतीला चिकटलेल्या कडेला कुणी मोल्डिंग करत नाही.

सुताराचं कपाट समोरून मोजतात, उंची गुणिले रुंदी, हे चाललंय ते चालू द्या. तिथे माप ठीक असतं, वाद प्लायवूडचा असतो, आणि तो आपण भाग पाचमध्ये सविस्तर घेतला.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते जुने ओव्हरसियर साइटवर टेपचं शून्याचं टोक कायम ठेकेदाराच्या माणसाच्या हातात देत आणि आकडा स्वतः मोठ्यानं वाचत. आकडा दोघांनी आपापल्या वहीत लिहायचा. टोक धरणारा आणि वाचणारा वेगळा, लिहिणारे दोन, मग चूक लपायला जागा राहत नाही. सार्वजनिक बांधकाम खात्याची मोजमाप वही याच विचारातून आलेली आहे. पानांना छापील क्रमांक, नग, लांबी, रुंदी, उंची असे रकाने, खोडरबरला बंदी. चुकलं तर आडवी रेघ मारून बाजूला सही. पैसे त्या वहीवर निघतात, म्हणून ती वही जपतात. घरच्या कामासाठी दोनशे पानी वही पुरते. काम सुरू व्हायच्या आधी ठेकेदाराबरोबर एक सकाळ घालवून खोलीखोलीचं माप दोघांनी मिळून घ्या आणि प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या करा. आधी म्हणतोय ते महत्त्वाचं आहे. टाइल्स बसल्यावर, पॅनेल लागल्यावर, फर्निचर भिंतीला टेकल्यावर मोजायला भिंत दिसत नाही, आणि तोवर अर्धे पैसे दिलेले असतात.

कोटेशनवर दराच्या खाली एक ओळ लिहून घ्या: ‘मोजणी आयएस १२०० प्रमाणे, प्रत्यक्ष झालेल्या कामावर, दोघांनी मिळून.’ ही ओळ बघून ठेकेदार कसा बोलतो तिकडे लक्ष द्या. जाणकार असेल तो विचारतो, दारांचे गुणकही त्यातलेच धरायचे ना? त्याला हो म्हणा आणि काम द्या. ‘इतकं कोण मोजतं, आपण काय परके आहोत का’ असं म्हणणाऱ्याकडून रकमी आकडा घ्या. त्या रकमेत कुठल्या खोल्यांच्या कुठल्या भिंती आहेत, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.

पुढच्या आठवड्यात वॉटरप्रूफिंग नक्की. तोवर आपापल्या बाथरूमचं माप काढून ठेवा, फरशीबरोबर भिंतीवर चढवायचा एक फूटही धरून. सात बाय चारच्या बाथरूमची फरशी २८ फूट, आणि भोवतीच्या २२ फूट लांबीवर एक फूट चढवलं की आणखी २२. पन्नास फुटांच्या कामाचं कोटेशन २८ वर आलं असेल, तर तो थर भिंतीवर चढणारच नाहीये. गळती बहुतेक वेळा त्याच सांध्यातून सुरू होते.