विश्लेषण : साइट अडली की एसईलिनक्स बंद? हा उपाय महागात का पडतो?

वेबसाइट नव्या सर्व्हरवर हलवली, फायलींना सगळ्या परवानग्या दिल्या, तरी ब्राउझर ‘४०३ फॉरबिडन’च दाखवतो. अशा वेळी अनेक सिस्टिम अ‍ॅडमिन ‘सेटएन्फोर्स ०’ ही कमांड देतात आणि साइट लगेच सुरू होते. मात्र याच कमांडने सर्व्हरवरचा एक महत्त्वाचा पहारा उठतो. तो म्हणजे एसईलिनक्स.

एसईलिनक्स काय आहे?

‘सिक्युरिटी-एन्हान्स्ड लिनक्स’चे हे संक्षिप्त रूप. अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीने ते विकसित करून डिसेंबर २००० मध्ये सर्वांसाठी खुले केले. २००३ मध्ये आलेल्या लिनक्स कर्नल २.६ मध्ये त्याचा समावेश झाला. रेड हॅट आणि फेडोरामध्ये ते आधीपासूनच सुरू असते. उबंटूमध्ये अशाच कामासाठी अ‍ॅपआर्मर आहे.

नेहमीच्या परवानग्या पुरेशा का नाहीत?

नेहमीच्या पद्धतीत फाइल कोणी वाचायची हे तिचा मालक ठरवतो आणि ‘रूट’ला सहसा आडकाठी नसते. त्यामुळे रूट अधिकाराने चालणारा प्रोग्राम हॅकरच्या हाती गेला, की सगळा सर्व्हर गेला. एसईलिनक्समध्ये नियम मालक नव्हे, तर पॉलिसी ठरवते. प्रत्येक फाइलला आणि प्रोसेसला लेबल असते. वेब सर्व्हर ताब्यात गेला तरी पासवर्डची फाइल त्याला उघडता येत नाही, कारण तिचे लेबल वेगळे असते.

फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘रनसी’ या कंटेनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधील त्रुटी उघड झाली. तिचा वापर करून कंटेनरमधून थेट मुख्य सर्व्हरवर रूट ताबा मिळवता येत होता. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ वर एसईलिनक्स ‘एन्फोर्सिंग’ मोडमध्ये असल्यास हा हल्ला रोखला जात होता.

मग साइट अडते कशामुळे?

बहुतेकदा चुकीच्या लेबलमुळे. होम डिरेक्टरीतून ‘एमव्ही’ कमांडने हलवलेली फाइल जुने लेबल सोबत घेऊन येते. ‘रिस्टोरकॉन’ चालवले की लेबल दुरुस्त होते. साइट वेगळ्याच डिरेक्टरीत ठेवायची असेल, तर आधी ‘सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट’ने तशी नोंद करावी लागते. दुसऱ्या मशीनवरील डेटाबेसशी जोडणी अडत असेल, तर ‘सेटसेबूल’ने नेमकी तेवढीच मुभा देता येते.

काय काळजी घ्यावी?

आधी ऑडिट लॉगमधील ‘एव्हीसी डिनाइड’च्या नोंदी पाहाव्यात. कोणी, कोणत्या फाइलवर, काय करू पाहिले हे तिथे दिसते. ‘परमिसिव्ह’ मोडमध्ये फक्त नोंद होते, काहीच अडवले जात नाही. तो तपासापुरताच ठेवावा. ‘ऑडिट२अलाउ’ने सुचवलेले नियमही न वाचता लावू नयेत, त्यातून हल्लेखोरालाच वाट मिळू शकते. एसईलिनक्स पूर्ण बंद असेल, तर ते पुन्हा सुरू करताना सर्व फायलींना नव्याने लेबल लावावे लागते.

मोबाइलशी काय संबंध?

अँड्रॉइड ५.० पासून, म्हणजे २०१४ पासून, फोनमध्येही एसईलिनक्स पूर्णपणे लागू आहे. ही बातमी अँड्रॉइड फोनवर वाचत असाल, तर तोच पहारा या क्षणी तुमच्या फोनवरही सुरू आहे.