एक आवाज, तीन मांडव



वसंत व्याख्यानमालेत संगीतावर बोलायचे म्हटले की किराणा, ग्वाल्हेर अशा घराण्यांची अपेक्षा असते. त्या घराण्यांविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही. माझे शालेय शिक्षण थोडे. पुढचे शिकणे झाले ते कारखान्याच्या दारावरच्या सभांत आणि वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांत. परंतु ज्या गाण्याने आपल्या शहापूर-मुरबाडच्या गावांत सणावारी पहाट होते, त्या गाण्याचा विचार करण्याचा अधिकार ते ऐकणाऱ्या प्रत्येकाला आहे. म्हणून मी विषय निवडला आहे तो लोकगायक प्रल्हाद शिंदे यांच्या उत्तम गाण्यांचा.

आपल्या दोन तालुक्यांत वर्षभर मांडव पडतात. पौषात म्हशाची जत्रा भरते, भाद्रपदात गणपती येतो, आषाढीला विठ्ठलमंदिरात माळ लागते, गृहप्रवेशाला आणि कारखान्याच्या आवारातही सत्यनारायण होतो, आणि 14 एप्रिलला बुद्धवाड्यात निळ्या पताका लागतात. या मांडवांतली माणसे एकमेकांच्या मांडवात नेहमी जातातच असे नाही. काही गावांत पंगतही एक होत नाही. पण कर्ण्यातून येणारा आवाज पुष्कळदा एकच असतो. वारकऱ्याच्या मांडवात तोच, पूजेच्या मांडवात तोच आणि भीमजयंतीच्या मांडवातही तोच. हे कसे घडले, आणि ती गाणी चांगली का आहेत, या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत.

प्रल्हाद शिंदे यांचा जन्म 1933 सालचा, सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या परिसरातला. गरीब दलित घर. आईवडिलांबरोबर गातगातच गळा तयार झाला आणि पुढे कव्वालीच्या फडात तो पक्का झाला. 23 जून 2004 रोजी ते वारले. त्यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद, आणि नातू आदर्श, यांनी ती गाण्याची परंपरा पुढे चालवली हे आपणांस ठाऊकच आहे.

मंगळवेढे हे नाव ऐकले की जाणत्या वारकऱ्याला चोखोबा आठवतात. परंपरा सांगते की इ. स. 1338 मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू असता ते कोसळले आणि त्याखाली मजुरांबरोबर चोखामेळा गेले. माझ्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाला यात प्रथम दिसतो तो कामावर मेलेला मजूर. संत म्हणून त्यांची समाधी पंढरपुरास महाद्वारापाशी, नामदेव पायरीच्या समोर झाली, पण दाराबाहेर. ते दार त्यांच्या समाजाला पुढे सहाशे वर्षे बंद राहिले. मे 1947 मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, आणि त्यानंतर ते उघडले. त्या वेळी प्रल्हाद शिंदे तेरा-चौदा वर्षांचे होते. ज्या मुलाच्या आजोबा-पणजोबांना विठोबाच्या पायावर डोके ठेवता आले नाही, त्याच मुलाच्या आवाजात पुढे सबंध महाराष्ट्राने विठोबाचे दर्शन घेतले. ही गोष्ट ध्यानात ठेवून आता गाण्यांकडे वळू.

माझ्या मते पहिला मान «पाउले चालती पंढरीची वाट» या गाण्याचा. शब्द दत्ता पाटील यांचे, चाल मधुकर पाठक यांची. हे भक्तिगीत म्हणून आपण ऐकतो, पण त्याची कडवी नीट ऐकली तर त्यात आधी दारिद्र्य आहे, भाकरीचे रिकामे ताट आहे, पाठ फिरवणारे सगेसोयरे आहेत. आणि मग पंढरी आहे. म्हणजे पाय पंढरीकडे वळतात ते पुण्य जोडायला नव्हे, तर गावात थारा उरला नाही म्हणून. दिवाळीनंतर बयाणा घेऊन वीटभट्टीवर जाणाऱ्या आपल्या कातकरी-ठाकूर कुटुंबांची पावलेही अशीच निघतात, फक्त त्यांच्या वाटेच्या शेवटी पंढरी नसते. शिंदे हे गाणे रडत गात नाहीत. ठेका चालण्याचा आहे, दिंडीचा आहे, आणि आवाज सरळ उभा आहे. शब्दांत दुःख आणि ठेक्यात बळ, अशी ही वाटणी आहे. आवाजही रडवेला असता तर ऐकणारा खचला असता. इथे तो चालू लागतो.

दुसरे गाणे «आता तरी देवा मला पावशील का». सुख नावाची वस्तू एकदा तरी नजरेस पडू दे, असा हा देवाकडे केलेला अर्ज आहे. अर्ज आणि मागणी यांत काय फरक असतो हे आम्हा संघटनेच्या लोकांना चांगले कळते. अर्जात मान खाली असते. मागणीत हिशेब असतो. या गाण्याचे पहिले दोन शब्द पाहा. त्यांत आजवर किती वाट पाहिली याचा हिशेब आहे. शिंदे त्या दोन शब्दांवर जोर देतात आणि अर्जाची मागणी होते. «दर्शन दे रे दे रे भगवंता» या गाण्यातही हेच. हाक तीच पुन्हा पुन्हा येते, पण दर खेपेस ती एकाच सुरात येत नाही. एकदा विनवणी, एकदा हट्ट, एकदा थकवा. शब्द न बदलता अर्थ बदलण्याची ही करामत कव्वालीने शिकवलेली आहे.

कव्वालीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. कव्वालीत ओळ एकदाच गाऊन गायक पुढे जात नाही. ती तो श्रोत्यांसमोर ठेवतो, साथीदार टाळ्यांवर तिचा पुनरुच्चार करतात, गायक तिच्यावरून वर चढतो, पुन्हा तिच्यावर येऊन उतरतो. समोरच्याला ओळ पोचली असे दिसेपर्यंत हे चालते. मुंबईच्या चाळींत आणि कामगार वस्त्यांत या गाण्याचे सामने रात्ररात्र रंगत, आणि आंबेडकरी गायकांनी हा बाज आपलासा करून भीमगीते त्यात बसवली. या फडात टिकायचे तर तीन गोष्टी हव्यात: पल्लेदार आवाज, स्वच्छ शब्द आणि समोरच्या गर्दीची नाडी. शिंद्यांकडे तिन्ही होत्या. म्हणून त्यांच्या विठ्ठलाच्या गाण्यात टाळ-मृदंग वारकऱ्याचा असला, तरी गाण्याची उभारणी कव्वालाची आहे. दर्ग्यापुढे वाढलेली गायकी मंदिरात शिरली आणि कोणी हटकले नाही.

यात यंत्राचाही वाटा आहे. पत्र्याच्या कर्ण्यातून खर्ज नीट बाहेर पडत नाही. मधले आणि वरचे स्वर मात्र रानापर्यंत जातात. मऊ, दबक्या आवाजाचा गायक कर्ण्यात गुदमरतो. शिंद्यांचा आवाज उंच पट्टीचा, थोडा खडा, प्रत्येक अक्षर वेगळे पाडणारा. माहुलीच्या पायथ्याशी गाणे लागले तर पलीकडच्या पाड्यावर त्याचे शब्द कळतात. ज्यांच्या घरी तबकडी वाजवायचे यंत्र नव्हते त्यांच्यापर्यंत हा गायक पोचला तो असा. पुढे 1980च्या सुमारास कॅसेट आली, स्वस्त झाली, आणि टपरीवर, टेम्पोत, एस. टी.च्या थांब्यावर हा आवाज घुमू लागला.

«चंद्रभागेच्या तीरी» या गाण्याची खुबी निराळी आहे. त्यात गायक बोट दाखवून सांगतो आहे की देव तिथे उभा आहे, पाहा. वर्णन थोडे, दाखवणे फार. जो पंढरपुरास कधी गेला नाही त्यालाही वाळवंट दिसते. पण बोट कोण दाखवतो आहे, याचा विचार केला म्हणजे गाण्याला दुसरी खोली येते. चोखोबांच्या गावाकडचा माणूस आपणां सर्वांना देवळाच्या आत नेतो आहे.

«ऐका सत्यनारायणाची कथा» हे गाणे तर कित्येक घरी पूजेच्या दिवशी सकाळीच लागते. पोथीतली मंडळी त्यात भेटतात. ज्या समाजाच्या उंबऱ्यावर पुरोहित पाय ठेवीत नसे, त्या समाजातला गायक पुरोहिताच्या पोथीची कथा घराघरांत सांगतो, आणि पाटावर बसलेले जोडपे हात जोडून ऐकते. «बाप्पा मोरया रे» हे गणेशोत्सवातले त्यांचे गाजलेले गाणे. त्याचे कवी हरेंद्र जाधव. हे जाधव पेशाने शिक्षक आणि आंबेडकरी गीतकार. म्हणजे गणपतीच्या मांडवातही शब्द आणि स्वर दोन्ही त्याच वस्तीतून आले.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांनी देवदेवता सोडल्या. मग भीमगीते गाणाऱ्याने विठ्ठल, गणपती का गावे? चळवळीतले प्रामाणिक कार्यकर्ते हा प्रश्न विचारतात, आणि तो उपहासाने झटकण्यासारखा नाही. माझे उत्तर कामगाराचे आहे. गिरणीतला विणकर धोतर विणतो, साडी विणतो, कफनही विणतो. कापड कोण कशासाठी नेसणार हे तो ठरवीत नाही, पण विणकाम चोख असले पाहिजे ही त्याची अब्रू असते. गाणे हा शिंद्यांचा पोटाचा धंदा होता आणि कलाही होती. मात्र ज्या मांडवात ते गेले तिथे त्यांनी भुकेल्या माणसाची बाजू सोडली नाही, हे वरच्या गाण्यांवरून दिसेल. एवढ्याने आक्षेप पुरता मिटतो असे मी म्हणणार नाही. तो आक्षेप आणि ही गाणी, दोन्ही आपल्या समाजाच्या इतिहासाचा भाग आहेत.

साता समुद्रांपलीकडेही असेच घडले आहे. अमेरिकेतील काळ्या लोकांच्या प्रार्थनामंदिरात जी गायकी वाढली, ती 1950 नंतर बाजारातल्या गाण्यांत उतरली आणि तिला सोल, म्हणजे आत्म्याचे गाणे, असे नाव पडले. अरेथा फ्रँकलिन ही तिची राणी; धर्मोपदेशकाची मुलगी, मोटारींच्या कारखान्यांचे शहर असलेल्या डेट्रॉइटमध्ये वाढलेली. 1967 साली तिने «रिस्पेक्ट», म्हणजे मान, हे गाणे गायले. मूळ गाणे ओटिस रेडिंग या पुरुष गायकाचे, 1965 सालचे, घरी परतलेल्या नवऱ्याने मान मागण्याचे. अरेथाने ते स्त्रीच्या तोंडी घातले, आणि मग ते स्त्रियांचे आणि काळ्या लोकांचे मागणीगीत झाले. तिथेही गळा देवळात तयार झालेला, श्रोते सगळ्या रंगांचे, आणि प्रश्न तोच: आवाज तुम्हांला हवा, मग माणूस का नको?

हा प्रश्न आपल्यालाही सुटलेला नाही. मानाबरोबर मोबदल्याचाही विचार करावा लागतो. कॅसेटच्या जमान्यात अनेक लोकगायकांना ध्वनिमुद्रणाचे एकदाच पैसे मिळत. मग ते गाणे हजार मांडवांत वाजो की लाख. 2012 साली कॉपीराइटच्या कायद्यात दुरुस्ती झाली, कवी आणि संगीतकार यांच्या स्वामित्वधनाला संरक्षण मिळाले, आणि गायकालाही व्यापारी वापरातला वाटा मागण्याचा हक्क आला. शिंदे त्याच्या आठ वर्षे आधी गेले होते. कायदा झाला म्हणून पैसा आपोआप येत नाही. त्यासाठी कलावंतांनीही संघटित व्हावे लागते, जसे भट्टीवरच्या मजुराला व्हावे लागते.

तुम्हां-आम्हांला मात्र एक गोष्ट कायद्यावाचून करता येईल. पुढच्या जत्रेला, पूजेला, जयंतीला गाणे लावाल तेव्हा माईकवरून गायकाचे नाव सांगा, कवीचे नाव सांगा, चाल कोणाची ते सांगा. आणि गाणे चालू असताना आपल्या मांडवात कोण आले आहे, कोण आलेले नाही, हे एकवार पाहा. जे आलेले नाहीत त्यांना बोलवायला माणूस पाठवा, आणि पंगतीत त्यांना आपल्या शेजारी बसवा.