तेल, पाणी आणि जखम

मुलाचा गुडघा फुटला की घरातली वडील माणसे आधी हळदीच्या डब्याकडे आणि पाठोपाठ खोबरेल तेलाच्या बाटलीकडे वळतात. या सवयीला अडाणीपणा म्हणून हिणवण्याचे कारण नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत आणि त्यांत तेलाला स्वतंत्र स्थान आहे. मात्र तेथे एक क्रम आहे, आणि घरगुती उपचारांत नेमका तोच हरवतो. आधी शोधन, म्हणजे व्रण स्वच्छ करणे. मग रोपण, म्हणजे तो भरून आणणे. जाईचा पाला, कडुनिंब, हळद, मेण, मोरचूद इत्यादी द्रव्ये तिळाच्या तेलात सिद्ध करून केलेले जात्यादि तेल वैद्य आजही वापरतात. पण ते काही फोडणीचे तेल नव्हे!

तेल करते तरी काय? तेलाने मांस वाढते, अशी समजूत आहे. वास्तविक जखम भरतात त्या शरीराच्या पेशी, आणि त्यांना पुढे सरकण्यास ओलावा लागतो. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या अंगावरील उथळ जखमांपैकी काही उघड्या ठेवल्या, काही पातळ प्लास्टिकने झाकल्या. झाकलेल्या जखमांवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने पसरली; उघड्या जखमांत पेशींना सुकलेल्या खपलीखालून वाट काढावी लागली. ‘वारा लागू दे, म्हणजे सुकेल’ या आपल्या आवडत्या सल्ल्याला यानंतर फारसा अर्थ उरत नाही. तेल त्वचेतले पाणी उडून जाऊ देत नाही. त्याचा मोठा गुण तो हाच.

सर्व तेले मात्र सारखी नाहीत. सूर्यफुलाच्या तेलात लिनोलिक आम्ल विपुल असते, आणि त्वचेचे बाहेरचे कवच घडण्यास ते आवश्यक आहे. उंदरांवरील प्रयोगांत या तेलाने दुखावलेले कवच लवकर सावरले. मोहरीच्या तेलाने उलट विलंब लावला. ढाक्यातील एका रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना सूर्यफुलाचे तेल लावले, तेव्हा रुग्णालयात जडणारे रक्तातील जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी घटले, असा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला.

भाजल्यावर मात्र तेल नको. तेल उष्णता आत कोंडते. तेथे वीस मिनिटे वाहते गार पाणी हवे. खिळा खोल रुतला असता वरून तेल-हळद थापणे तर घातकच. धनुर्वाताच्या जंतूला हवेचा संपर्क सोसत नाही. बुजवलेली जखम त्याला आयतीच सोयीची होते. तेथे जखम धुणे आणि धनुर्वाताची लस यांना पर्याय नाही.

तेलाचा खरा उपयोग पाहावा तो कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पावलांवर. त्यांना घाम येत नाही; त्वचा कोरडी पडून भेगाळते, आणि दुखत नसल्याने भेगेचा व्रण हाडापर्यंत पोचला तरी कळत नाही. म्हणून व्रण होण्याआधीच, रोज पाऊल वीसेक मिनिटे साध्या पाण्यात भिजवावे, जाड कातडी दगडाने हलकेच घासावी आणि पाऊल ओलसर असतानाच तेल चोळावे. घरात असेल ते खाद्यतेल चालते. मधुमेह्यांनी मात्र पाय असे भिजत ठेवू नयेत. धुऊन, पुसून लगेच तेल लावावे, आणि बोटांच्या बेचक्या कोरड्याच राहू द्याव्यात.