उष्ण झऱ्यांतील निष्क्रिय वायूंचा उगम

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही नगरे ज्या काळ्या कातळाच्या प्रदेशात वसली आहेत, तोच कातळ उत्तरेस तानसा नदीच्या खोऱ्यातही आढळतो. त्या खोऱ्यात वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथे उष्ण पाण्याची कुंडे आहेत. कातळ ज्वालामुखीजन्य आणि पाणी कढत. तेव्हा खाली अद्याप लाव्हा धुमसत असावा, असा तर्क सहज केला जातो. परंतु हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीचा असून तो केव्हाच निवाला आहे. मग ही उष्णता कोठली? या प्रश्नाचा निर्णय करताना पाण्यात विरघळलेल्या हेलिअम, निऑन, आर्गॉन इत्यादी वायूंची साक्ष मोलाची ठरते.

हे वायू सहसा कोणाशीही संयोग पावत नाहीत, म्हणून त्यांस 'निष्क्रिय' म्हणतात. ऑक्सिजन वाटेतील खनिजांशी संयोग पावून नाहीसा होतो. हे वायू मात्र आपले मूळ जपून ठेवतात. नावात उणेपणा भासला तरी संशोधकाच्या दृष्टीने तोच त्यांचा गुण होय.

त्यांचे उगम तीन. पहिला, वातावरण: पावसाचे पाणी मुरताना हवेतील वायू सोबत नेते, निऑन बहुतांशी याच मार्गाने येतो. दुसरा, भूकवच: खडकांतील युरेनियम व थोरियम यांच्या ऱ्हासातून हेलिअम-४, तर पोटॅशियम-४० पासून आर्गॉन-४० निर्माण होतो. तिसरा, भूकवचाखालील प्रावरण: तेथील हेलिअमात हेलिअम-३ चे प्रमाण अधिक असते.

हवेत हेलिअम-४ च्या दर १ कोटी अणूंमागे हेलिअम-३ चे सुमारे १४ अणू असतात. महासागरतळाच्या पर्वतरांगांतून बाहेर पडणाऱ्या प्रावरणीय वायूत हे प्रमाण सुमारे ८ पट, तर भूकवचात निर्माण झालेल्या हेलिअमात सुमारे एक-पन्नासांश असते. यास्तव प्रथम निऑनच्या आधारे हवेचा वाटा वजा करावयाचा व मग उरलेल्या हेलिअमाचे गुणोत्तर पाहावयाचे, ही रीत आहे.

हेलिअम-४ विपुल व हेलिअम-३ अत्यल्प आढळल्यास पाणी खडकांत दीर्घकाळ मुरले, असे अनुमान निघते. बेसाल्टात युरेनियम अल्प असल्याने अशा हेलिअमाचा उगम बहुधा त्याखालील ग्रॅनाइटसदृश खडकांत शोधावा लागतो. उष्णतेसाठीही मग लाव्हाची आवश्यकता उरत नाही. खोलीनुसार दर किलोमीटरमागे तापमान साधारणतः २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढते. भेगांतून दीड-दोन किलोमीटर उतरून त्वरेने वर आलेले पाणी कढत होण्यास तेवढे पुरेसे असते.

भूऔष्णिक शक्तीच्या आशेने विंधन करण्यापूर्वी ही साक्ष नोंदविणे अगत्याचे आहे. कारण धुमसणारा लाव्हा व केवळ खोलवर फिरून आलेले पाऊसपाणी यांपासून मिळणाऱ्या उष्णतेत मोठे अंतर आहे.