सडपातळ खेळाडूचा जमाखर्च

कबड्डीच्या मैदानावर विजेसारखा फिरणारा, पण पकडीत सापडला की अलगद उचलला जाणारा एखादा सडपातळ गडी तुमच्याही शाळेत असेल. ‘अरे, जरा वजन वाढव!’ हा सल्ला त्याला सगळेच देतात. मग तो मिठाईवर ताव मारतो, नाही तर डब्यातल्या महागड्या भुकटीसाठी घरी हट्ट धरतो.

विद्यार्थी मित्रांनो, न्यूटनचा दुसरा नियम आठवा. बल तेवढेच राहून वस्तुमान वाढले, तर त्वरण घटते. म्हणजे नुसती चरबी वाढली तर आपला गडी वजनदार होईल, पण चढाईत मंदावेल. स्नायूचे तसे नाही. त्याचे बल मुख्यतः त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. स्नायू जाड झाला की वस्तुमानाबरोबर बलही वाढते.

आता जमाखर्च पाहू. सोळा वर्षांच्या, ५० किलो वजनाच्या मुलाचे शरीर नुसते पडून राहिले तरी दिवसाला सुमारे १,५०० उष्मांक खर्च करते. चालणे-फिरणे आणि उंचीची वाढ यांचा खर्च वेगळा. धावताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे साधारण १ उष्मांक लागतो. म्हणजे सरावात ६ किलोमीटर धावणे झाले की ३०० उष्मांक गेले. ज्वारीची दीड भाकरी समजा! सराव वाढला आणि ताट तेवढेच राहिले, तर वजन वाढणार कोठून?

खर्चापेक्षा रोज ३०० ते ५०० उष्मांक जास्त मिळाले, तर काम भागते. पन्नास ग्रॅम शेंगदाणे, गुळाचा खडा आणि पेलाभर दूध यांतून ४५० च्या पुढे उष्मांक आणि १८ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. भुकटीचे काय? स्नायूचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. एक किलो स्नायूत प्रथिने २०० ग्रॅमच्या आसपास. महिन्याभरात एवढा स्नायू वाढला, तरी त्यात दिवसाला सातच ग्रॅम प्रथिने साठतात! सरावाची झीज धरून खेळाडूला दर किलो वजनामागे रोज दीड ग्रॅम प्रथिने पुरतात. डाळ, उसळ, दूध, अंडी यांतून ती मिळतात.

मात्र नुसत्या खाण्याने स्नायू वाढत नाही. जोर, बैठका यांचा भार हळूहळू वाढवावा लागतो, मध्ये एखादा दिवस विश्रांती आणि रात्री पुरेशी झोप लागते. घाई नको. खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये ५२ किलोच्या गटात खेळले व सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले, ते ५७ किलोच्या गटात. पदकाचे श्रेय वजनाला देता येणार नाही. पण दोन गटांतले अंतर पाच किलो आणि मधला काळ चार वर्षे, हे ध्यानात घ्या.

खाऊनपिऊनही वजन उतरत असेल, वारंवार ताप येत असेल किंवा सराव करणाऱ्या मुलीची मासिक पाळी थांबली असेल, तर प्रथम डॉक्टरांना दाखवावे.

वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी शौचानंतर, काही खाण्यापूर्वी करावे. लिटरभर पाणी प्यायल्याबरोबर काटा एक किलो पुढे सरकतो, ती काही वाढ नव्हे! महिन्याला अर्धा किलो वाढले तरी पुष्कळ झाले. तीन आठवडे काटा जागचा हललाच नाही, तर ताटात आणखी एक भाकरी वाढून घ्यावी.