नितळ पाण्यात मासे का गुदमरले?

हिंगणघाटला मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. म्हणून अंगणातल्या उथळ टाक्यातले कोई मासे आम्ही घरात हलवले. विटा रचून त्यांवर जाड ताडपत्री अंथरली. तात्पुरता हौद तयार झाला. पाणी नितळ होते. तरी चार दिवसांत मासे वर येऊन धापा टाकू लागले. दोन दगावले.

असे का झाले? मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. हा विषारी पदार्थ पाण्यात विरघळतो. फडक्याने गाळून तो निघत नाही. जुन्या टाक्यात दगडांवरचे जिवाणू त्याचे नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक असे नायट्रेट बनवत होते. नव्या हौदात ते जिवाणूच नव्हते. ते आपोआप रुजायला काही आठवडे लागतात.

मग आम्ही निम्मे पाणी बदलले आणि खाद्य थांबवले. तळाला भोके पाडलेल्या बादलीत जुन्या टाक्यातले ओले दगड भरून ती हौदावर टांगली. कूलरचा पंप पाणी बादलीत चढवी. खाली पडणाऱ्या धारांबरोबर हवा मिसळे. तीही हवीच, कारण लिटरभर पाण्यात २० अंशांना सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांना जेमतेम ७. (हौदात हात घालण्यापूर्वी पंपाची पिन काढावी.)

थोडक्यात, ही बादली केवळ गाळणी नव्हे, जिवाणूंचे घर आहे. तर मग तिच्यातले दगड क्लोरीनयुक्त नळाच्या पाण्याने का धुऊ नयेत? वर्गात विचारून पाहा.