डोळा गेला, दुखणं थांबलं

शेळ्या-कोंबड्यांच्या आजारांबद्दल आपण नेहमी बोलतो. आज मांजरीबद्दल बोलू.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या मांजरीला पावसाळ्यात सर्दी झाली. डावा डोळा चिकटला, पू येऊ लागला. घरात माणसाच्या डोळ्यांचं जुनं औषध होतं, त्याचेच थेंब टाकले. आम्हीही म्हणालो, "मांजरच ती, होईल बरी." आठ दिवसांत डोळा फुटला. पशुवैद्यक म्हणाले, "आता डोळा काढावा लागेल."

ऐकूनच अंगावर काटा आला. सासूबाई म्हणाल्या, "त्यापेक्षा लांब सोडून या." पण डॉक्टरांनी समजावलं : "त्या डोळ्यानं तिला दिसत नाहीच, फक्त ठणका आहे. मांजर दुखणं लपवते. कोपऱ्यात बसते, खाणं सोडते, म्हणून आपल्याला कळत नाही."

मार लागून फुटलेला डोळा, आतला दाब वाढून सुजलेला डोळा किंवा डोळ्यातली गाठ, अशा वेळी दुसरा इलाज उरला नाही तरच डोळा काढतात. मांजरीला पूर्ण भूल देतात. डोळा काढून पापण्या एकमेकींना शिवतात. १० ते १४ दिवसांत टाके निघतात. तोवर ओरबाडू नये म्हणून गळ्यात पट्टा घालतात आणि तिला घरातच ठेवायचं असतं. नंतर जागेवर केस येतात, मिटलेल्या डोळ्यासारखं दिसतं.

ताईंनी गटातून अंतर्गत कर्ज मागितलं. "मांजरीसाठी कर्ज?" बैठकीत कुजबुज झाली. पण धान्याच्या कणग्या राखते कोण? शिवाय चूक आपलीच होती. कर्ज मंजूर झालं, तीन हप्त्यांत फिटलंही.

आता ती एका डोळ्यानं भिंतीवर चढते, उंदीर धरते. मांजरीला कानांचा आणि मिश्यांचा मोठा आधार असतो. फक्त डाव्या बाजूनं जाताना आधी हाक मारायची, नाहीतर दचकते.

आम्ही शिकलो ते तुम्हीही लक्षात ठेवा. डोळा चिकटला तर उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून हलकेच पुसा आणि लगेच दवाखाना गाठा. हळद, दूध, मध डोळ्यात घालू नका. माणसाचे थेंब तर नकोतच. काहींत स्टिरॉइड असतं, त्यानं डोळ्यातली जखम चिघळते. आणि दुखतंय म्हणून पॅरासिटामॉलची गोळी कधीच देऊ नका. मांजरीला ती विषासारखी असते, जीव जातो.

पहिल्याच दिवशी दवाखान्यात गेलो असतो, तर कदाचित डोळा वाचला असता. तुमच्या घरी तसं होऊ नये, म्हणून हे सांगितलं.